गिरगावातली गहाळ पानं : मेमरी अपुरी पडण्याचं एक प्रकरण

गिरगावातल्या एका जुन्या संस्थेकडे मराठी वृत्तपत्रांच्या बांधीव फायली आहेत. त्या स्कॅन करण्याचं काम सुरू असताना तयार संचांतली मधलीच पानं गायब व्हायला लागली. चार पानी अंकाच्या पीडीएफमध्ये पहिलं, दुसरं आणि चौथं पान असायचं, तिसरं नसायचं. प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये तक्रारीची एकही ओळ नव्हती. ‘पान ३ : सुरुवात’ ही शेवटची ओळ, आणि तिच्याखाली थेट प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाल्याची नोंद.

एखाद्या कार्यालयात स्कॅन केलेला कागद हरवला तर तो पुन्हा काचेवर ठेवता येतो. इथे तशी सोय नव्हती. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं लिग्निन न काढलेला. वर्षं जातात तसं त्यात आम्ल वाढतं, तंतू तुटतात, आणि मुंबईची उष्ण, दमट हवा त्याला हातभार लावते. काही फायलींची पानं घडीवरून नुसती उलटली तरी कडेचा तुकडा खाली पडतो. म्हणून संस्थेने नियम केला होता की प्रत्येक पान एकदाच उघडायचं. पुढचे सगळे तांत्रिक निर्णय या एका नियमावरून झाले, म्हणून तो आधी सांगितला.

मांडणी

स्कॅनरला जोडलेला एकच संगणक होता. ८ जीबी मेमरी, लिनक्स, स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) ठेवलेलाच नाही. त्याच संगणकावर ब्राउझर उघडा, कारण सूचीतल्या नोंदी त्यातून भरल्या जायच्या. प्रोग्रॅम सी प्लस प्लसमधला, संस्थेने बाहेरून करून घेतलेला. स्कॅन झालेलं पान तो मेमरीत घ्यायचा, तिरपं असेल तर सरळ करायचा, कडा कापायचा, करड्या छटेतली एक प्रत बनवायचा आणि मग साठवायचा. अशी चार पानं चार थ्रेडवर, म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या चार समांतर कामांत, एकाच वेळी चालत.

कोड वाचला तेव्हा तो निष्काळजीपणे लिहिलेला वाटला नाही. मेमरी मागितलेल्या जवळपास प्रत्येक जागी उत्तर तपासलेलं होतं. मॅलॉक या मेमरी मागणाऱ्या फंक्शनकडून नल, म्हणजे रिकामा पत्ता, आला तर ‘मेमरी उपलब्ध नाही’ असा संदेश लिहून पान बाजूला ठेवायचं, अशी व्यवस्था होती. मेमरी मागण्याची दुसरी रीत, न्यू, वापरलेल्या ठिकाणी तिच्या नकाराचा बॅड-अॅलॉक हा अपवाद पकडलेला होता. पाठ्यपुस्तकात सांगतात ते सगळं होतं, आणि तो संदेश लॉगमध्ये एकदाही आलेला नव्हता.

खरा धागा मिळाला तो दुपारी स्कॅनिंगला बसणाऱ्या ताईंच्या वहीत. प्रोग्रॅम बंद पडला की हातात असलेला अंक, तारीख आणि पानाचं वर्णन त्या लिहून ठेवत. तोवर प्रोग्रॅम तपासणारे आम्ही लोक बंद पडण्याची वेळ बघत होतो. वीज, उष्णता, नेटवर्क असे तर्क चालले होते. ताईंनी कागद बघितला होता.

“सर, रोजचे अंक कितीही घाला, याला काही होत नाही. दिवाळीची पुरवणी आली की हा बसतो. मधली जोडपानं असली की हमखास.”

“ताई, ही वही मी घरी नेऊ का?”

“न्या, पण उद्या परत द्या. मला लिहायला लागते.”

वहीतल्या नोंदी आणि कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, लॉग शेजारी ठेवले आणि चित्र उलगडलं. प्रोग्रॅमचा स्वतःचा लॉग गप्प होता, पण कर्नलने त्याच मिनिटांना स्वच्छ लिहून ठेवलं होतं की मेमरी संपली आणि अमुक प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) मारली. प्रोग्रॅम संपल्याचा कोड १३७ नोंदला गेला होता, म्हणजे १२८ अधिक ९. नऊ क्रमांकाचा सिग्नल म्हणजे सिगकिल. तो कुठल्याही प्रोग्रॅमला पकडता येत नाही, थोपवता येत नाही. अपवाद हाताळणारा कोड, आवराआवर करणारे डिस्ट्रक्टर, लॉग लिहिणं, यातलं काहीही त्यानंतर चालत नाही.

हिशेब

वृत्तपत्राचं एक पान साधारण १५ इंच रुंद आणि २३ इंच उंच. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) ते ९,००० गुणिले १३,८०० पिक्सेल होतं, म्हणजे १२ कोटी ४२ लाख पिक्सेल. रंगीत स्कॅनला प्रत्येक पिक्सेलचे तीन बाइट, म्हणून एका पानाला ३७३ एमबी. सरळ करताना मूळ आणि फिरवलेली अशा दोन प्रती एकाच वेळी लागतात, शिवाय करडी प्रत १२४ एमबीची. एकूण सुमारे ८७० एमबी. चार थ्रेडचे मिळून साडेतीन जीबी. ८ जीबीच्या यंत्रात हे बसतं, म्हणून रोजचे अंक सुरळीत जात होते.

जोडपान, म्हणजे शेजारची दोन पानं मिळून एकच चित्र, याच्या दुप्पट. एकाला सुमारे १.७४ जीबी, आणि पुरवणीतली चार जोडपानं लागोपाठ आली की जवळजवळ ७ जीबी. उरलेल्या जागेत ऑपरेटिंग सिस्टिम आणि ब्राउझर मावणं शक्यच नव्हतं.

मग मॅलॉकने नल का दिला नाही? कारण लिनक्स नेहमीच्या सेटिंगवर मेमरी मागितल्याक्षणी देत नाही, फक्त पत्ते देतो. प्रत्यक्ष मेमरी ४ केबीच्या तुकड्यांनी मिळते, तीही त्या पत्त्यावर पहिल्यांदा लिहिताना. उपनगरी रेल्वे महिन्याचा पास देताना गाडीतल्या सीट मोजत नाही. सगळे पासधारक एकाच लोकलला येणार नाहीत या भरवशावर ते चालतं. कर्नलही तोच भरवसा धरतो. एखादी एकटी मागणी यंत्राची सगळी मेमरी आणि स्वॅप यांच्या बेरजेपेक्षाही मोठी असेल तरच तो तोंडावर नकार देतो. ७४५ एमबीची मागणी त्याला अजिबात वावगी वाटत नाही, आधीच्या सहा तशाच मागण्या मंजूर केलेल्या असल्या तरी.

म्हणजे अपयश आलं ते मागण्याच्या ओळीवर आलंच नाही. ते आलं पान फिरवणाऱ्या लूपमध्ये, एका साध्या लेखनाच्या वेळी, आणि तिथे परत पाठवायला नल नाही की फेकायला अपवाद नाही. कर्नलला कुठूनतरी मेमरी मोकळी करणं भाग असतं. त्याचा ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा भाग, मुख्यतः कोण किती मेमरी धरून बसलंय ते बघून निवड करतो, आणि या यंत्रावर सगळ्यात जास्त धरून बसलेला आमचाच प्रोग्रॅम होता.

नकारासाठी लिहिलेला इतका कोड असा निरुपयोगी ठरलेला पाहून वाईट वाटलं. ज्याने तो लिहिला त्याने कष्ट घेतले होते.

तेच पान पुन्हा पुन्हा

आणखी एक गोष्ट वहीत दिसत होती. काही दुपारी प्रोग्रॅम एकदा पडला की संध्याकाळपर्यंत उभाच राहत नव्हता. लिनक्सवर सेवा चालवणारा सिस्टिमडी त्याला पुन्हा सुरू करायचा, तो अर्धवट राहिलेल्या पानांपासून सुरुवात करायचा, म्हणजे त्याच चार जोडपानांपासून, आणि पुन्हा मारला जायचा. शेवटी कंटाळून कुणीतरी अर्धवट पानांचं फोल्डर रिकामं करायचं. पानं हरवत होती ती इथे. मेमरी संपल्यामुळे थेट काही पुसलं गेलं नव्हतं. अडकलेलं यंत्र मोकळं करण्याच्या घाईत माणसांनी पुसलं होतं, आणि त्यात त्यांचा दोष काढता येणार नाही, कारण पडद्यावर दुसरा कुठलाच मार्ग दिसत नव्हता.

मंगळावरच्या स्पिरिट रोव्हरच्या बाबतीत २००४च्या जानेवारीत याच जातीचा पेच झाला होता. फ्लॅशमध्ये, म्हणजे त्याच्या कायमच्या साठवणीत, फायली इतक्या साठल्या की त्यांची यादी उभी करायला लागणारी मेमरी मिळेना. संगणक रीसेट व्हायचा, सुरू होताना तीच यादी उभी करायला जायचा आणि पुन्हा रीसेट व्हायचा. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी फ्लॅशला हात न लावता यान सुरू करून ते चक्र तोडलं. मेमरी न मिळाल्यावर ‘पुन्हा सुरू करा’ हे उत्तर तेव्हाच चालतं, जेव्हा पुन्हा सुरू झाल्यावर काहीतरी वेगळं केलं जातं.

नकाशा

जोडपानांचा उलगडा झाला तरी एक नोंद त्यात बसत नव्हती. एका रोजच्या अंकाचं पान साठवलं गेलं होतं, पण त्याच्या खालच्या भागात मजकुरावर रंगीत पट्टे होते. नीट पाहिल्यावर त्या पट्ट्यांत रस्ते आणि गल्ल्यांच्या रेषा दिसल्या. त्याच सुमारास शहराचा एक भिंतीवरचा मोठा नकाशा तुकड्यांत स्कॅन करून जोडला जात होता.

नकाशा साठ इंच गुणिले पन्नास इंच, म्हणजे ३६,००० गुणिले ३०,००० पिक्सेल. तुकडे जोडताना पारदर्शकतेचा चौथा बाइटही ठेवला होता. एकूण ४३२ कोटी बाइट. कोडमध्ये हा गुणाकार ३२ बिटांच्या अनसाइन्ड संख्येत केलेला होता, आणि तिची मजल ४२९,४९,६७,२९५ पर्यंतच. त्यापुढे गेलेली संख्या शून्यापासून पुन्हा मोजली जाते. उरले २,५०,३२,७०४. म्हणजे सव्वाचार जीबीहून मोठ्या चित्रासाठी मॅलॉककडे २५ एमबी मागितले गेले, आणि त्याने ते आनंदाने दिले.

हे प्रकरणातलं सगळ्यात गंभीर टोक आहे असं मला वाटतं. ओओएम किलरने प्रोग्रॅम मारला तर निदान खोटं काही साठवलं जात नाही. इथे मागणी यशस्वी झाली, तपासणी पास झाली, आणि नकाशाचा २५ एमबीनंतरचा भाग पुढच्या पत्त्यांवर लिहिला जाऊ लागला. मोठे बफर, म्हणजे चित्रासाठी घेतलेले मेमरीचे सलग तुकडे, लिनक्सवर बहुधा एकाखाली एक असे वरून खाली दिले जातात, त्यामुळे नव्या बफरच्या पुढे आधी दिलेला बफर असतो. तिथे दुसऱ्या थ्रेडचं वर्तमानपत्राचं पान होतं. नकाशा जोडण्याचं काम डिस्कवरून तुकडे वाचत सावकाश चाललेलं. प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्टने, म्हणजे आपल्या नसलेल्या पत्त्याला हात लावल्यामुळे, पडायच्या आत शेजारचं पान त्या खुणांसकट साठवलंही गेलं.

दुरुस्ती स्वतः छोटी होती. आकाराचे सगळे गुणाकार ६४ बिटांत, आणि तरीही प्रत्येक गुणाकारापाशी ओव्हरफ्लोची, म्हणजे संख्या मजलेबाहेर जाते का याची, तपासणी. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांत त्यासाठी तयार फंक्शन आहे. जिथे शून्याने भरलेला बफर हवा तिथे कॅलॉक, कारण त्याला संख्या आणि आकार वेगळे दिले जातात आणि गुणाकार मावत नसेल तर तो नल देतो. पण दुरुस्ती झाल्यावर मागणी खरी झाली, ४.३२ जीबीची, आणि तिच्यासाठी या यंत्रात जागा नव्हतीच. गाडी पुन्हा मूळ प्रश्नावर आली.

नाकारलेले आणि अर्धे घेतलेले उपाय

पहिली सूचना अर्थातच लॅमिंग्टन रोडवर जाऊन मेमरीची आणखी एक पट्टी आणण्याची होती. ती योग्यच होती आणि पुढे आणलीही. पण त्याने हद्द पुढे सरकते एवढंच; संस्थेच्या कपाटात त्या नकाशाहून मोठे नकाशे आहेत.

दुसरी सूचना कर्नलचा भरवसाच बंद करण्याची. ओव्हरकमिटचं, म्हणजे असलेल्या मेमरीहून जास्त कबूल करण्याचं, सेटिंग २ केलं की कर्नल एक हद्द ठरवतो आणि तिच्यापलीकडची मागणी मॅलॉकच्या वेळीच नाकारतो. पोस्टग्रेसच्या दस्तऐवजांत डेटाबेसच्या सर्व्हरसाठी हे सेटिंग सुचवलेलं आहे, आणि केवळ त्याच कामाला वाहिलेल्या यंत्रावर ते पटतं. इथे मात्र हद्दीचं मूळ प्रमाण मेमरीच्या ५० टक्क्यांचं, स्वॅप नाही, म्हणून हद्द ४ जीबीच्या आसपास पडली असती. ब्राउझर खूप पत्ते मागून ठेवतो आणि त्यातले थोडेच वापरतो. पहिला नकार त्यालाच मिळाला असता, आणि ताईंची सूची भरता भरता खिडकी बंद पडली असती. हा मार्ग सोडला.

तिसरा उपाय फक्त आमच्या प्रोग्रॅमपुरती पत्त्यांची मर्यादा घालण्याचा, म्हणजे युलिमिट. हा मोजमापात कच्चा आहे. तो प्रत्यक्ष वापरलेली मेमरी न मोजता मागून ठेवलेले पत्ते मोजतो, आणि त्यात प्रत्येक थ्रेडचा स्टॅक (त्याची कामचलाऊ जागा) आणि जीलिबसी या सी भाषेच्या मूळ लायब्ररीने थ्रेडमागे राखलेली जागाही धरली जाते. तरी तो लावून पाहिला, कारण त्यामुळे मॅलॉक पहिल्यांदाच खरोखर नल देणार होता आणि इतकी वर्षं झोपलेला तपासणीचा कोड जागा होणार होता.

तो जागा झाला आणि लगेच कोसळला. ‘मेमरी उपलब्ध नाही’ हा संदेश तयार करताना पानाचं नाव, तारीख आणि फाइलचा पत्ता जोडून एक नवी स्ट्रिंग बनवली जात होती. तिच्यासाठी मेमरी मागितली, ती मिळाली नाही, अपवाद हाताळणाऱ्या कोडमध्येच दुसरा अपवाद उठला, तो पकडणारं वर कुणी नव्हतं आणि प्रोग्रॅम तिथेच संपला. संदेशासाठीचा बफर प्रोग्रॅम सुरू होतानाच राखून ठेवायला हवा, हे कुणाला कळत नाही अशातला भाग नाही. ती ओळ कधी चाललीच नव्हती, म्हणून ते कुणाच्या डोळ्यांसमोर आलं नव्हतं.

शेवटी जे केलं

सगळ्यात आधी स्कॅन वाचवला. स्कॅनरकडून आलेलं चित्र तसंच्या तसं तात्पुरत्या नावाने डिस्कवर लिहायचं, एफसिंक करायचं (ते खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत थांबायचं), मग नाव बदलून कायमचं करायचं, आणि फोल्डरलाही एफसिंक. त्यानंतरच पडद्यावर ‘पान उलटा’ दिसतं. स्कॅनरकडून चित्र पट्ट्यापट्ट्यांनी येतं, त्यामुळे या टप्प्याला फार थोडी मेमरी लागते. पुढे काहीही झालं तरी ते पान पुन्हा उघडावं लागत नाही. मेमरीच्या प्रश्नावरचं हे उत्तर वाटत नाही, पण मला विचाराल तर यातला सर्वांत मोलाचा बदल हाच, कारण यानंतर ‘मेमरी मिळाली नाही तर मरून जा’ हा पर्याय परवडायला लागला.

आणि छोट्या मागण्यांसाठी आम्ही तोच पर्याय निवडला. फाइलचं नाव, यादीतली नोंद, शंभर-दोनशे बाइटांच्या वस्तू, यांच्यासाठी प्रत्येक ठिकाणी सावरून घेण्याचा कोड लिहिला तर तो कोड मूळ कामाहून मोठा होतो आणि कधीच तपासला जात नाही. इतकी छोटी मागणी फसली असेल तर प्रोसेसची हालत मुळातच गेलेली असते. जीलिब या लायब्ररीचं नेहमीचं मेमरी मागणारं फंक्शन अशा वेळी प्रोग्रॅम थांबवतं, कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्येही मेमरी मिळाली नाही तर संदेश देऊन थांबण्याचीच पद्धत आहे. काही जण याला आळस म्हणतात. मला ते पटत नाही. जिथे काम अर्धवट सोडून सुखरूप थांबता येतं तिथे थांबणं हा प्रामाणिक निर्णय आहे.

मोठ्या मागण्यांचं मात्र वेगळं. ज्या मागणीचा आकार बाहेरून आलेल्या फाइलवर ठरतो, ती नाकारली जाऊ शकते असं धरूनच कोड लिहायला हवा, आणि तो नकार आपणच द्यायला हवा, कर्नलची वाट न बघता. म्हणून प्रवेशाशीच एक फाटक बसवलं. पानाच्या फाइलचं फक्त शीर्ष वाचायचं, त्यातून रुंदी, उंची आणि रंगांची संख्या घ्यायची, त्या पानाला एकूण किती मेमरी लागेल ते काढायचं आणि तेवढी शिल्लक असेल तरच काम सुरू करायचं. ८ जीबीच्या यंत्रावर मोठ्या बफरांसाठी ४ जीबी ठरवले. त्यात साधी पानं चार बसतात, जोडपानं दोन. आणखी दोन जोडपानं आली तर ती थांबतात.

या फाटकात दोन खाचा होत्या. एक, पानाला लागणारी सगळी मेमरी एकदमच राखून घ्यायची. पहिल्या कच्च्या मसुद्यात प्रत्येक बफरसाठी वेगळी परवानगी होती. आत आलेल्या पानांनी आपापले पहिले बफर घेतले, पुढच्या बफरांना शिल्लक पुरेना, आणि सगळेच एकमेकांच्या शिल्लकीची वाट बघत बसले. दुसरी, रांग मोडायची नाही. शिल्लक थोडी आहे म्हणून मागचं लहान पान पुढे सोडलं तर जोडपानाला दिवसभर जागा मिळत नाही, कारण लहान पानं येतच राहतात.

पूर्ण ४ जीबीतही न मावणारं चित्र आलं तर ते पट्ट्यांच्या मार्गाने जातं. नकाशाची १,०२४ ओळींची पट्टी चार बाइटांनी १४७ एमबीची. सरळ करायचं तर जास्त ओळी लागतात: ३६,००० पिक्सेल रुंदीचं चित्र एक अंशाने तिरपं असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६२८ ओळींचा फरक पडतो, म्हणून प्रत्येक पट्टीबरोबर तेवढ्या ओळी जास्तीच्या घ्याव्या लागतात. तरी काम अडीचशे एमबीच्या आत उरकतं. साठवताना आणखी एक अडसर आला: साध्या टिफ फाइलमधले पत्ते ३२ बिटांचे असतात, त्यामुळे ती ४ जीबीपलीकडे जात नाही. नकाशासाठी बिगटिफ वापरावं लागलं, जे लिबटिफ या लायब्ररीत ४.० पासून मिळतं.

यानंतर थ्रेड काढून टाकले. आता प्रत्येक पान वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं आणि मूळ प्रोसेस फक्त कामं वाटते. तिच्याकडे चित्र कधीच नसतं, त्यामुळे ती अगदी लहान राहते. पानाची प्रोसेस सुरू होताना स्वतःचा ओओएम गुणांक (कुणाला मारायचं ते ठरवताना धरला जाणारा आकडा) ५०० ने वाढवून घेते. वाढवायला विशेष अधिकार लागत नाहीत, कमी करायला लागतात. त्यामुळे हिशेब चुकून मेमरी संपलीच तर कर्नल एका पानाची प्रोसेस मारतो, वाटप करणारी नाही आणि ताईंचा ब्राउझरही नाही. नकाशाची शाई शेजारच्या पानावर उतरण्याचा रस्ताही आपोआप बंद झाला.

इथे सिस्टिमडीने एकदा चांगलंच अडवलं. चाचणीत एक पान मारलं गेलं की मूळ प्रोसेसही जायची, आणि ती कोण मारतंय ते कळेना. सेवेतली एकही प्रोसेस ओओएम किलरने मारली तर सगळी सेवा थांबवायची, हे सिस्टिमडीचं मूळ धोरण आहे. ओओएम-पॉलिसी या ओळीत ‘चालू ठेवा’ असं लिहिल्यावर गाडी रुळावर आली. ज्यांनी कामं लहान प्रोसेसमध्ये वाटली आहेत त्यांनी ही एक ओळ जरूर तपासावी.

पुन्हा पुन्हा पडण्याचं चक्र तोडायला पानाची प्रोसेस सुरू करण्याआधीच डिस्कवर नोंद होते की या पानाचा हा कितवा प्रयत्न. पहिला फसला तर दुसऱ्या वेळी ते पान एकटं चालवलं जातं, शेजारी दुसरं काहीच नाही. तोही फसला तर पान वेगळ्या फोल्डरमध्ये जातं आणि रांग पुढे सरकते. पडद्यावर ताईंना दिसतं : ‘हे पान मोठं आहे. स्कॅन सुरक्षित आहे. पुढचं पान घ्या.’ मधलं वाक्य ग्रंथपाल मॅडमनी आग्रहाने घालायला लावलं, आणि त्यांचं बरोबर होतं. फोल्डर रिकामं करण्याची वेळ भीतीपोटी यायची.

मुद्दाम नकार देऊन पाहणं

वरचं सगळं चालतं की नाही हे मेमरी खरोखर संपण्याची वाट बघून कळणार नव्हतं. एसक्यूलाइट या डेटाबेसवाले जी पद्धत वापरतात ती घेतली. मेमरी मागणाऱ्या फंक्शनच्या जागी आपलं एक फंक्शन ठेवायचं, जे ठरवलेल्या क्रमांकाची मागणी नाकारतं. आधी पहिली मागणी नाकारून पूर्ण काम चालवायचं, मग दुसरी, मग तिसरी, एकही नकार न लागता काम पूर्ण होईपर्यंत. प्रत्येक फेरीनंतर तीनच गोष्टी बघायच्या : मूळ स्कॅन शाबूत आहे का, अर्धवट लिहिलेली फाइल पक्क्या नावाने पडली आहे का, आणि पुढचं पान चालतं का. चाचणीसाठी छोटं चित्र घेतलं म्हणजे हजारो फेऱ्या पटापट होतात.

यात निघालेल्या गोष्टी पुस्तकी होत्या, पण निघाल्या. बफरचा आकार बदलणाऱ्या रिअॅलॉकचं उत्तर थेट जुन्या पॉइंटरमध्ये, म्हणजे पत्ता ठेवण्याच्या जागी, ठेवलेलं होतं. नकार आला की जुना बफर जिवंत राहतो, पण त्याचा पत्ता हातातून जातो. एका ठिकाणी कुलूप (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं) हाताने लावलेलं आणि हाताने काढलेलं होतं, मध्ये अपवाद उठला की ते तसंच लागलेलं राहायचं. आणि जेपेग चित्रं हाताळणारी लिबजेपेग लायब्ररी : मेमरी न मिळाल्यावर तिचा मूळचा त्रुटी-हाताळणारा सरळ एक्झिट करतो, म्हणजे हाक मारणाऱ्या कोडला काही कळायच्या आत प्रोसेस संपलेली असते. वेगळ्या प्रोसेसमध्ये ते खपून जातं, तरी तिथे आपला हाताळणारा बसवला, म्हणजे निदान कोणत्या पानावर थांबलं ते लॉगमध्ये येतं.

या चाचणीला एक मर्यादा आहे आणि ती स्पष्ट ठेवायला हवी. ती फक्त नल येण्याचा रस्ता तपासते. लेखनाच्या वेळी मारलं जाण्याचा रस्ता वेगळा तपासावा लागतो. त्यासाठी पानाची प्रोसेस मनाला येईल त्या क्षणी सिगकिलने मारणारी एक छोटी स्क्रिप्ट केली आणि त्याच तीन गोष्टी बघितल्या. सीग्रुपमध्ये, म्हणजे कर्नल मर्यादा घालतो त्या प्रोसेसच्या गटात, मेमरीची कमाल मर्यादा मुद्दाम कमी ठेवूनही हेच घडवता येतं, आणि तिथे कर्नल किती वेळा प्रोसेस मारली याचा आकडा वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. तो आता रोज संध्याकाळी अहवालात येतो.

पीडीएफ जोडण्याचा टप्पा अजून जुनाच आहे. त्यासाठी घेतलेली लायब्ररी सगळा अंक एकदम मेमरीत उभा करते आणि तिला पट्ट्या समजत नाहीत. तूर्त तो टप्पा संध्याकाळी स्कॅनर आणि ब्राउझर बंद झाल्यावर, एका वेळी एकच अंक घेऊन चालतो, वेगळ्या प्रोसेसमध्ये आणि वेगळ्या मर्यादेत. दिवाळी अंकांच्या फायली येण्याआधी ती लायब्ररी बदलायची आहे.